आगमनकाळ : ब्रायटन ते वसई, व्हाया अहमदाबाद

बुधवार, १९ डिसेंबर २०१८

इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या हॉस्पिटलात, आमच्या वॉर्डात नाताळ किंवा नवीन वर्ष, दोन्हींपैकी एकच सुट्टी मिळते. लहान मुलं असलेल्यांना नाताळ द्यायचा असा अलिखित नियम आहे, पण लहान मुलं निम्म्या वॉर्डला आहेत. त्यामुळे तीन वर्षं माझ्या वाट्याला नाताळची नाईट ड्युटी आली. २५ तारखेच्या पहाटे पेशंटचा बीपी घेताना वसईहून व्हिडिओ कॉल यायचा, मागे बँडचा आवाज असायचा आणि आई म्हणायची, ‘बाय, जेवलीस का?’

या वर्षी रजा मंजूर झाली. तिकिटं जुलैतच काढली होती. उद्या दुपारी दीडला लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावरून विमान, आखातात बदल, २१च्या पहाटे मुंबई. रात्री आठपर्यंत चार बॅगा भरून झाल्या. दूध संपवलं, फ्रिज पुसून काढला, हीटिंग कमी केलं. सहा वर्षांची लेक कोट घालूनच झोपायला निघाली होती.

झोपण्याआधी नवऱ्याने बातम्या पाहिल्या. नऊच्या सुमारास गॅटविकच्या धावपट्टीजवळ ड्रोन दिसला म्हणून विमानं थांबवली होती. ‘सकाळपर्यंत सापडेल,’ तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं. खेळण्यासारखं यंत्र ते, बॅटरी किती वेळ चालणार?

गुरुवार, २० डिसेंबर

सकाळी सहाला उठून पाहिलं तर गॅटविक बंदच. पहाटे तीनला सुरू केलं होतं, पाऊण तासात पुन्हा ड्रोन दिसला आणि पुन्हा बंद. ‘आधी विमान कंपनीकडे चौकशी करा, मगच निघा,’ असं विमानतळवाले सांगत होते. आमच्या कंपनीच्या ॲपवर हिरव्या अक्षरांत ‘वेळेवर’. फोन लावला तर संगीत. हिरव्या अक्षरांवर विश्वास ठेवून निघालो. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या दिवशी सगळ्यांचीच अक्षरं हिरवी होती.

ब्रायटनहून गॅटविक म्हणजे ट्रेनने अर्धा तास, स्टेशन टर्मिनललाच लागून. फलाटावरून वर येणाऱ्या जिन्यावरच गर्दी थांबलेली. वर पाहिलं तर जमिनीवर माणसंच माणसं. कोणी सुटकेसवर डोकं ठेवून, कोणी स्कीचे लांब दांडे उशाला घेऊन. एका बाईने भेटवस्तूंचा चकचकीत कागद पसरून त्यावर बाळाला झोपवलं होतं. त्या एका दिवशी गॅटविकहून एक लाख दहा हजार लोक जायचे-यायचे होते, ७६० विमानांनी. एवढा पसारा, पण विमानं उडतात ती एकाच धावपट्टीवरून. दुसरी आहे, पण पहिलीला इतकी चिकटून की दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. त्यामुळे एक बंद म्हणजे सगळं बंद.

आमच्या विमानाची वेळ दीडची दोन झाली, दोनची साडेतीन. प्रत्येक वेळी नवऱ्याने बोर्डाचा फोटो काढला. ‘पुरावा,’ तो म्हणाला. तो हिशेबी माणूस आहे. सँडविचच्या पावत्याही त्याने पाकिटात नीट घडी घालून ठेवल्या. हवामान असो की ड्रोन, विमान कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर सहाशे युरोची भरपाई मिळत नाही, पण अडकलेल्या माणसाला खायला-प्यायला घालणं, रात्र झाली तर राहायची सोय करणं कंपनीवर बंधनकारक असतं, हे त्यानेच मला समजावलं. (त्या पावत्यांचे साडेचौतीस पौंड मार्च महिन्यात आले. त्या दिवशी त्याने ते मला दोनदा दाखवले.)

लेकीला ड्रोन या प्रकाराचं फार आकर्षण वाटलं. मोठ्या काचेला नाक लावून ती आकाशात शोधत राहिली. तिच्याबरोबर आणखी चार-पाच पोरं. ‘दिसला!’ असं एकाने ओरडावं आणि सगळ्यांनी तिकडे धावावं. प्रत्येक वेळी कावळा निघायचा. खाली पोलिसांचंही थोडंफार असंच चाललं असावं. कोणीतरी सांगायचं दिसला, तास दोन तास शांतता, आता सुरू करू म्हणेपर्यंत पुन्हा कोणीतरी सांगायचं दिसला.

पावणेचारला अंधार पडू लागला आणि बोर्डावरची हिरवी अक्षरं लाल झाली. रद्द.

घरी फोन केला. पप्पांना अलीकडे कमी ऐकू येतं.

‘ड्रोनमुळे विमान रद्द झालं, पप्पा.’

‘कशामुळे?’

‘ड्रोन, ड्रोन!’

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग आईला सांगताना ऐकू आलं, ‘अगं, द्रोण उडून आला म्हणते विमानतळावर. पत्रावळीचा वारा लागला असेल.’

रांगेत चार तास. काउंटरवरच्या मुलीचे डोळे लाल झाले होते, तरी ती प्रत्येकाला ‘सॉरी’ म्हणत होती. तिच्याकडे हॉटेलची खोली नव्हती. आसपास कुठेच उरली नव्हती. नवं तिकीटही नव्हतं, नुसता फोन नंबर होता. तोच संगीताचा. शेवटी चार बॅगा घेऊन पुन्हा ट्रेन आणि रात्री साडेदहाला ब्रायटनचं आमचंच घर. घर गारठलेलं. फ्रिज पुसलेला, स्वच्छ, रिकामा. जाताना कपाटात राहिलेलं मॅगीचं एक पाकीट तिघांनी खाल्लं. लेक म्हणाली, ‘मम्मा, वसई अशीच असते का?’ ती गेल्या वेळी तीन वर्षांची होती. तिला आठवत नाही.

शुक्रवार, २१ डिसेंबर

सकाळी सहाला गॅटविक उघडलं. लष्कर बोलावलं होतं म्हणे. दोन तास चाळीस मिनिटं फोनवर संगीत ऐकल्यावर माणसाचा आवाज आला. उद्या संध्याकाळचं विमान, पण हिथ्रोहून. आखातात एक तास चाळीस मिनिटांत बदलायचं. ‘जमेल?’ मी विचारलं. ‘जमतं,’ तो म्हणाला.

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी गॅटविक पुन्हा तासभर बंद झालं. आम्ही टीव्हीसमोर बसून पाहत होतो, मॅच पाहावी तसे. सगळा हिशेब मिळून सुमारे हजार उड्डाणं आणि एक लाख चाळीस हजार प्रवासी. ड्रोन कोणी उडवला ते सापडलंच नाही. पुढे पोलिसांनी तपासही बंद केला.

शनिवार, २२ डिसेंबर

ब्रायटनहून हिथ्रोला कोच जातो. वाटेत तो गॅटविकच्या अंगावरून जातो. एम २३ रस्त्यावरून पाहिलं तर विमानं एकामागून एक उडत होती, रांगेत, शिस्तीत, जणू काही झालंच नाही. लेकीने त्यांना हात केला. मी दुसरीकडे पाहिलं.

हिथ्रोला सगळे विमानात बसले, दारं लागली आणि मग कळलं की एक प्रवासी चढलाच नाही. त्याची बॅग मात्र पोटात. माणूस नसेल तर बॅग नेता येत नाही, ती शोधून उतरवावी लागते. तीनशे बॅगांमधून ती एक. मग आमचा उड्डाणाचा नंबर गेला. मग पंखांवर बर्फ साचू नये म्हणून औषध फवारायची रांग. निघायला एक तास पन्नास मिनिटं उशीर झाला. बदलायला एक तास चाळीस होता. नवऱ्याने वजाबाकी केली आणि डोळे मिटून घेतले.

रविवार, २३ डिसेंबर

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, चौथा रविवार. चर्चमध्ये चौथी मेणबत्ती लावायचा दिवस. आम्ही आखातातल्या एका विमानतळावर काउंटरसमोर उभे होतो आणि मुंबईचं विमान गेलेलं होतं.

तिथून मुंबईला दिवसभरात बरीच विमानं जातात. पण नाताळ, डिसेंबरअखेर आणि आखातात राहणारा सगळा कोकण, गोवा, मंगळूर, केरळ त्याच आठवड्यात घरी निघालेला. सगळी भरलेली. काउंटरवरची मुलगी फिलिपिन्सची होती. माझ्या वॉर्डात अर्ध्या मैत्रिणी तिकडच्याच, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. त्यांच्याकडे १६ तारखेपासून नऊ दिवस पहाटेची मिस्सा (चर्चमधली सामुदायिक प्रार्थना) असते, ‘सिंबांग गाबी’. ती रात्रपाळी उरकून रोज जात होती. नऊच्या नऊ झाल्या तर मागितलेलं मिळतं म्हणतात. ‘काय मागितलंस?’ मी विचारलं. ‘पुढच्या वर्षी नाताळची रजा,’ ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो.

मग तिने खाली बघत सांगितलं, दुपारच्या विमानात एक जागा आहे. एक.

नवरा लगेच म्हणाला, ‘तू जा. तीन वर्षं तूच ड्युटी केलीस.’ मी म्हटलं, लेकीला सोडून? ‘मी आहे ना.’ लेक दोघांकडे आलटून पालटून बघत होती. खरं सांगते, मला जायचं होतं. एक मिनिटभर मनाने मी विमानात बसलेही. आईच्या हातची नेवरीसुद्धा (आमची करंजी) दिसली. मग ती जागा एका म्हाताऱ्या मंगळुरी बाईंना मिळाली. त्या जाताना आमच्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. चांगुलपणा वगैरे काही नाही, माझ्या तोंडून ‘हो’ यायला उशीर झाला एवढंच.

‘अहमदाबाद चालेल?’ मुलीने विचारलं. ‘आज रात्री. तीन जागा आहेत.’

नवऱ्याने धाकट्या दिराला फोन लावला. भारतात दहा वाजायला सहा मिनिटं कमी होती, आणि हे महत्त्वाचं, कारण एसीचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतं. दीर वसईत आंघोळीला निघाला होता. टॉवेलवरच तो संगणकासमोर बसला. अहमदाबादहून सोमवारी सकाळी सुटणाऱ्या, मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची चेअर कार. दहा वाजून चार मिनिटांनी त्याचा मेसेज आला : दोन कन्फर्म, एक वेटिंग. एकाच पीएनआरवर असल्याने वेटिंगवालाही चढू शकतो. गाडी बोरिवलीशिवाय आमच्या बाजूला कुठेच थांबत नाही, हे त्याने खाली बारीक लिहिलं होतं.

उरलेले बारा-तेरा तास त्या विमानतळावर कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. जेवणाचं कूपन मिळालं. लेकीने सरकता जिना चाळीस वेळा केला.

सोमवार, २४ डिसेंबर

पहाटे साडेतीनला अहमदाबाद. बाहेर पडायच्या दारावर गुजराती, हिंदी, इंग्रजीत पाटी. हिंदीत लिहिलं होतं : आगमन. चार आठवडे चर्चमध्ये ज्याची गाणी म्हणतो तो शब्द असा ट्यूबलाइटखाली, बॅगांच्या पट्ट्याच्या शेजारी भेटेल असं वाटलं नव्हतं.

पट्टा फिरत राहिला. चार बॅगांपैकी दोन आल्या. आल्या त्या जाड कोटांच्या आणि बुटांच्या, कारण निघताना मी सगळे गरम कपडे परतीसाठी वेगळे बांधले होते. नाताळचे नवे कपडे, आईची शाल, पप्पांच्या कानातल्या मशीनच्या बॅटऱ्या, सगळं न आलेल्या बॅगांत. फॉर्म भरला. पत्ता लिहिताना ‘राज्य’ या रकान्यात महाराष्ट्र लिहिलं तेव्हा तिथल्या माणसाने मान वर करून पाहिलं. (बॅगा २८ तारखेला आल्या. पुडिंगचा डबा चेपला होता, बाकी ठीक.)

टॅक्सीला पैसे द्यायला नवऱ्याने पासपोर्टच्या पाकिटातून पाचशेच्या दोन नोटा काढल्या. २०१६च्या जानेवारीत परत जाताना ‘पुढच्या वेळी टॅक्सीला लागतील’ म्हणून त्याने जपून ठेवलेल्या. ड्रायव्हरने दिव्याखाली धरल्या, मग आमच्याकडे पाहिलं. ‘साहेब, ही तर म्युझियममध्ये द्या.’ हिशेबी माणसाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. एटीएम शोधलं.

कालूपूर स्टेशनवर चहा घेतला आणि गरम गोटे, म्हणजे तिकडची भजी, खाल्ली. गाडी वेळेवर सुटली. पाच दिवसांत वेळेवर सुटलेली पहिली गोष्ट. लेक माझ्या मांडीवर, मग बापाच्या, मग समोरच्या सुरतच्या मावशींच्या. भरूचला खारी सिंग, म्हणजे खारे दाणे, आली, नर्मदेचा पूल गेला. सुरतेला मावशी उतरल्या. वापी गेलं, महाराष्ट्र लागला. घोलवडच्या चिकूच्या वाड्या, डहाणू, बोईसर, पालघर. आता प्रत्येक स्टेशन ओळखीचं. मी सरळ बसले.

वैतरणेचा पूल आला तेव्हा दिराचा फोन. ‘मी नालासोपाऱ्याच्या फलाटावर उभा आहे. हातात कंदील आहे, चांदणीचा. दिसेल.’

विरार गेलं, धाडधाड. माझ्या शाळेतल्या मैत्रिणींचं, बाजाराचं, लग्नाच्या साड्यांचं विरार, पंधरा सेकंदांत. मग नालासोपारा. मला तो दिसला! लाल टी-शर्ट, हात वर, हातात मोठी पिवळी चांदणी. तो मागच्या डब्याकडे पाहून कंदील हलवत होता. आमची काच काळपट. लेक काचेवर दोन्ही हात आपटत ‘काका, काका’ ओरडली आणि तोपर्यंत तो गेला. वसई रोड गेलं. नायगाव गेलं. खाडी आली, पाणजू बेट आलं, भाईंदर आलं. पश्चिमेला, त्या सगळ्या माडांच्या आणि केळीच्या पलीकडे आमचं घर, आणि गाडी आम्हाला घेऊन त्याच्यापासून लांब चाललेली. एम २३वरून गॅटविक पाहताना झालं होतं तेच पोटात झालं, फक्त जास्त.

बोरिवली. पूल चढून दुसऱ्या फलाटावर. विरार लोकल.

ज्यांना विरार लोकल माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. नवरा बॅगा घेऊन मालडब्यात घुसला, मासळीच्या रिकाम्या पाट्यांमध्ये. मी आणि लेक लेडीज डब्यात. दुपारचे चार, म्हणून निदान पाय ठेवायला जागा होती. ‘कुठे उतरणार?’ एका बाईने विचारलं. ‘नालासोपारा.’ ‘कुठून आलात?’ मी सांगितलं, लंडनहून. चारही बाजूंनी माना वळल्या. ‘लंडनहून बोरिवली लोकलने?’ मग मला सगळं सांगावं लागलं, ड्रोनपासून. मीरा रोडपर्यंत एकीने लेकीला मांडीवर घेतलं होतं, नायगावपर्यंत मला जागा मिळाली होती. वसईला उतरणाऱ्या एका मुलीने पर्समधून सुकेळ्याचं पाकीट काढून लेकीच्या हातात ठेवलं आणि उतरून गेली.

नालासोपाऱ्याला दीर तिथेच होता, त्याच बाकावर. ‘मघाशी पाहिलंस का मला?’ ‘पाहिलं.’ ‘मला वाटलंच.’

साडेपाचला घर. आईने काहीच विचारलं नाही, फक्त ‘जेवलीस का?’ तिचं इंदेल (मांसाचा आंबट-तिखट रस्सा) तयार होतं. आजी लाल लुगडं नेसून, गळ्यात पोत घालून सकाळपासून ओसरीवर बसली होती म्हणे. पप्पांनी येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा केला होता. त्यात डब्यांत पेरलेली नाचणी बोटभर उंच झालेली. लेकीने त्या गवतावरून हात फिरवला आणि तिथेच झोपली.

रात्रीच्या मिस्सेला मी जाऊबाईंची साडी नेसले. ब्लाउज ढगळ, पिना सात. नवऱ्याला पप्पांचा शर्ट, लेकीला चुलतभावाची शेरवानी. चर्चसमोरचं पटांगण भरलेलं, खुर्च्या संपून लोक भिंतीला टेकलेले. चांदण्या, माळा, कॉयर. आम्ही घरी कादोडी ही वसईची बोली बोलतो, मिस्सा प्रमाण मराठीत, आणि लेक फक्त इंग्रजीत पेंगत होती.

‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत सुरू झालं, घंटा वाजल्या, आणि डोक्यावर भुंग्यासारखा आवाज आला. लाल-हिरवे दिवे लुकलुकत पटांगणावरून सरकले. आम्ही तिघांनी एकदम माना खाली घातल्या.

‘अगं, शूटिंगवाला आहे,’ जाऊबाई म्हणाल्या. ‘लग्नात पण आणतो.’

‘रात्री उडवायला परवानगी नाही,’ नवरा पुटपुटला. ‘एक तारखेपासून नवे नियम लागू झालेत.’

पप्पांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. ‘हाच का तो द्रोण?’

लेक आता टक्क जागी झाली होती. तिने आकाशाकडे पाहिलं, मग वेदीकडे, मग माझा पदर ओढला.

‘मम्मा, मग आता हे पण कॅन्सल?’